शोकेसच्या मापाचं गलबत

रविवार, १२ जानेवारी १९९७
मस्तगड, जालना

परतूरहून, लेकीच्या सासरहून, संध्याकाळच्या गाडीनं आलो. डोकं अजून तापलेलंच.

सुनंदाच्या लग्नात तिच्या सासरी मी दोन वर्षं खपून केलेलं शिवकालीन गलबत दिल्तं. समुद्र कधी बघितला न्हाई, चित्रावरून केलं. सुताला मेण लावून डोलकाठीचा एकेक दोर ताणला. आज बघतो तर गलबत शोकेसमधी, आणि मोठी डोलकाठी वरून चार बोटं कापलेली! दोर नुसते लोंबून राह्यलेत.

व्याही कौतुकानं म्हणाले, "सर, जहाज लई झकास. शोकेसमधी बसंना, मंग सुताराकडून जरासं कापून घेतलं."

कापलेला तुकडा कुठं? शोकेसच्या दारात, पाचर म्हणून. दार आपोआप उघडायचं ना! टोकाला मी लावलेला भगवा झेंडा तसाच.

मी तोंड उघडणार, तर स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदानं 'नको' म्हणून मान हलवली. मुलीच्या बापानं तिथं काय बोलावं? म्हणालो, "बराबर केलं. धूळ बसणार न्हाई." हे मी म्हणालो? ड्रॉइंगच्या तासाला पोरांची वाकडी रेघ खपवून न घेणारा मी?

ती पाचर डोळ्यांसमोरून हलत न्हाई.

निघताना व्याह्यांनी धाकट्या भावासाठी आणखी एक गलबत मागितलं. "फक्त काठी जरा बुटकी करा, सर."

आणि मी? खिशातून पेन काढलं अन् विचारलं, "त्यांच्या शोकेसची उंची किती?"