कोणाच्या नावाची अंघोळ

धरमपेठ, नागपूर
४ डिसेंबर

ती. देवकीताईस,
केशवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या कानांनी फोन सोडला तेव्हापासून माझं अक्षर सुधारलं, एवढा तरी फायदा झाला. खाप्याला थंडी फार असेल. कानाला बांधत जा. ऐकू येत नसलं तरी कान तुझेच आहेत.

चारुशीलेचं काय लिहू? हातपाय आखडतात, म्हणून डॉक्टरांनी रोज टबात गरम पाण्यात बसवायला सांगितलंय. टब पुष्करनेच हौसेने आईसाठी बसवून घेतला होता. भरल्या टबात पाय टाकायला ती भिते, म्हणून तिचं करायला येणारी सिंधूताई आणि मी तिला कोरड्या टबात बसवतो आणि मग नळ सोडतो. खाली नळ सुरू झाला की वर शॉवरही गळायला लागतो, नेमका तिच्या डोक्यावर.

गळू दे म्हणशील. पण आपल्या घरातली रीत तुला माहीत आहे. बायकांचं न्हाणं ठरल्या वारी; आडवारी डोक्यावरून पाणी घ्यायचं ते कोणी गेल्याचं कळलं तरच. बाकी सगळं विसरली, कधीकधी मलाही ओळखत नाही, पण हे विसरली नाही. थेंब पडला की दचकून विचारते, कोण गेलं हो? आधी तुझं नाव घेते. ताई ठणठणीत आहे म्हटलं की एकेक करत पुष्करवर येते. तिथे माझी जीभ अडते. ती माझ्या तोंडाकडे पाहते आणि तिला कळतं. दोन वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा फोडला होता तसा हंबरडा, ताई, रोज. तासाभराने विसरते, आणि दुसऱ्या दिवशी आमचा पोरगा पुन्हा जातो. सिंधूताई म्हणते, भाऊ, मले नाही पाहवत, अंघोळच नका घालू बाईले.

नवा शॉवर आणून लावला, तोही गळतो. त्याला पिशवी बांधली, ती फुगून फुटली. चारुशीलेला प्लॅस्टिकची टोपी घातली, तर तिने ती काढून माझ्या डोक्यावर ठेवली. हसू नकोस. मी थकलो गं. काही सुचत असेल तर लिही, आणि तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा,
केशव

खापा
९ डिसेंबर

चि. केशव यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टोपीचं वाचून हसले, आणि पुढच्याच ओळीला पदर डोळ्यांना लावला. कसा रे निभावतोस?

आता बहिणीचं ऐक. नळ बंद असताना शॉवर गळतो का, ते पाहिलंस? गळत नसेल तर त्या बिचाऱ्याचा दोष नाही. आमच्या वैभवनेही तसाच नळ बसवलाय. त्याला एक कळ असते. दाबली की पाणी खाली, ओढली की वर. कळीतलं रबर झिजलं की खाली जाणाऱ्यातलं थोडं पाणी वर चढतं. तुझं लहानपणापासून हेच, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तोवर पुष्करचं नाव निघालं की सरळ सांग, तो सुखरूप आहे. या खोट्याची शिक्षा देव करणार नाही, केली तर मी भांडेन त्याच्याशी. त्या माउलीला पोटचं पोर रोज नव्याने गमवायला लावू नकोस. पण अंघोळ थांबवू नको, अंग एकदा धरलं की सुटायचं नाही.

चारूच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरव. उत्तराची वाट पाहते.

तुझी ताई,
देवकी

धरमपेठ, नागपूर
१७ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझंच खरं. नळ बंद केला तर शॉवर कोरडा ठाक. पान्हा लावून कळ खोलली. रबराच्या चिंध्या झालेल्या, आणि बोअरिंगच्या पाण्याचा पांढरा क्षार दगडासारखा बसलेला. तो खरवडला, नवं रबर घातलं. आता सगळं पाणी खाली, वर थेंबही नाही.

परवापासून चारुशीला मान मागे टाकून डोळे मिटून बसते. टब भरला तरी काही विचारत नाही. सिंधूताईने देवाला हात जोडले. मलाही हायसं वाटलं, नाही असं नाही. पण घरात आता पुष्करचं नाव निघत नाही. त्याच्यासाठी रोज रडणारी ती एकटी होती, आणि तिचं रडणं मी पान्ह्याने बंद केलं.

आज सिंधूताई टॉवेल आणायला गेली तेव्हा मला राहवलं नाही. तू रागावशील. मी हळूच म्हणालो, चारू, आपला पुष्कर गेला गं.

ती दचकली नाही. ओला हात माझ्या हातावर ठेवला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने विचारलं, तुमचा कोण होता जी तो?

मुलगा होता, म्हणालो.

अरेरे, म्हणाली. माझं रडणं थांबेपर्यंत तिने हात काढला नाही.

जमलं तर चार दिवस येऊन जा.

तुझा,
केशव