सरबताच्या खोक्याविषयी थोडंसं

तीर्थरूप बाबांस,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द लिहिण्यापुरताच घ्यावा. पलंग सरकवताना पाठ धरली, त्यामुळे आठांपैकी जेमतेम निम्मी अंगं सध्या कामावर हजर आहेत.) आपली तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? कारखान्यात पाकाच्या भट्टीपुढे उभं राहणं कमी केलंत का? तुमची लेक म्हणते की बाबा काही कमी करणार नाहीत, विचारून उपयोग नाही, तरी विचार. म्हणून विचारलं. इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. या पत्रामागे कसलाही हेतू नाही, हे आधीच सांगून टाकतो. बरेच दिवस ख्यालीखुशाली कळवली नव्हती, एवढंच. तुमची लेक माझ्या पाठीमागे उभी राहून वाचते आहे, तीही सहजच.

मागे भिंगरीच्या खोकल्याचं कळवलं होतं. तो नंतर फार वाढला. दिवसा पोर घरभर गरगर फिरायची (उगाच का तिला भिंगरी म्हणतो) आणि पाठ टेकली रे टेकली की खोकायला लागायची. उठून बसवावं तेव्हा कुठे थांबायची. एवढ्याशा जिवाच्या बरगड्या दुखून यायच्या, आणि वर ती आम्हालाच म्हणायची, तुम्ही झोपा. बाबा, ते ऐकवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, रक्त तपासलं आणि विचारलं, घरात ओल आहे का. मी ठामपणे नाही म्हणालो. तुमच्या लेकीने तितक्याच ठामपणे हो म्हटलं. घरी येऊन भिंगरीचा पलंग सरकवला (पाठ गेली ती इथेच), तर मागच्या भिंतीवर काळ्या बुरशीचा भलाथोरला नकाशा, त्यात देश, बेटं, आखात, सगळं. वरच्या बिऱ्हाडाचा नळ भिंतीच्या आत गळत होता. प्लंबरने भिंत फोडली, नळ बदलला, आणि जाताना मलाच ऐकवलं की शिकलेल्या माणसाने अधूनमधून पलंग हलवावा.

खरं तर इथे विषय संपायला हवा होता. पण डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या की बुरशी हिला सोसत नाही हे नक्की, भिंत कोरडी ठेवा हेही नक्की, आणि काही जण म्हणतात की खाण्यापिण्यातल्या, वापरण्यातल्या गोष्टींनीही त्रास होतो. त्याची खात्री मी देत नाही, म्हणाल्या, पण जरा लक्ष ठेवा. आता तुमच्या लेकीला ‘जरा लक्ष ठेवा’ असं सांगायचं म्हणजे... (इथे मला माकडाची एक म्हण आठवली होती, पण ती पाठीमागे उभी आहे.)

मी लेबलं छापणाऱ्या छापखान्यात आहे हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या सरबताच्या लेबलाचं प्रूफ घेऊन कारखान्यात आलो नसतो तर आपलं नातंच जुळलं नसतं. छपाईचे ठिपके तपासायचं माझं एक भिंग आहे. ते तिने ताब्यात घेतलं आणि घरातली यच्चयावत डबी, बाटली, नळी आणि पुडी वाचून काढली. निष्कर्ष असे: सायट्रिक ॲसिड नावाचा जो पदार्थ आहे, त्याचा लिंबाशी संबंध असेल असं आपल्याला उगाच वाटतं. कारखान्यांत टाक्यांमध्ये बुरशी पोसतात, तिला साखर चारतात आणि तिच्याकडून ते करवून घेतात. बुरशीही काळीच, म्हणजे आमच्या भिंतीवरच्या बाईंची जातभाईच. हे ॲसिड आमच्या जॅममध्ये निघालं, सॉसमध्ये निघालं, शाम्पूत निघालं, भांड्यांच्या साबणात निघालं, आणि भिंगरीच्या खोकल्याच्या औषधातही निघालं. कपड्यांच्या पावडरीत जे एन्झाइम असतात, त्यांतलेही काही बुरशीच्याच हातचे. पावातलं यीस्ट तर सख्ख्या भाऊबंदांत मोडतं. एकीला भिंतीवरून हाकललं, तर फडताळात अख्खं खानदान पाय पसरून बसलेलं.

शिवाय त्यातलं कुणीही स्वतःच्या नावाने राहत नाही. कुणी ‘आम्लता नियामक’ म्हणून राहतं, कुणी नुसता आकडा लावून. आणि हे सगळं इतक्या बारीक अक्षरांत की डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी दिसू नये. आता ही अक्षरं इतकी बारीक करतं कोण? मी करतो. आमच्या छापखान्यात माझ्याइतकं बारीक कुणालाच जमत नाही, मालक नव्या गिऱ्हाइकांना मुद्दाम माझं काम दाखवतात. तुमच्या लेकीला मी हे अभिमानाने सांगायचो. हल्ली सांगत नाही.

मग सगळं घरी करायचं ठरलं. जॅम घरी, पावाऐवजी जाड भाकऱ्या घरी, शाम्पू घरी, दात घासायची पेस्ट घरी (खडूची भुकटी आणि मीठ), भांडी घासायची पेस्टही घरी (सोडा, मीठ आणि किसलेला साबण). बरण्या सारख्याच, पेस्टी दोन्ही पांढऱ्या, तेव्हा गोंधळ नको म्हणून मी लेबलं छापून आणली. हे काम मी मनापासून केलं. वर एक सुबक वेल काढली, मधे रिकामी जागा सोडली, आणि पदार्थाचं नाव, घटक वगैरे तळाशी घातलं, आमच्या धंद्यात घालतात तसं, चार पॉइंटात, म्हणजे मुंगीएवढ्या अक्षरांत. दुसऱ्या दिवशी चष्मा न लावता मी भांड्यांच्या पेस्टने दात घासले. फेस थांबेना. कामावर मालकांनी काही विचारलं की उत्तराआधी बुडबुडा यायचा. घरी तुमच्या लेकीने पातेली दातांच्या पेस्टने घासली होती. चिकटपणा तसाच राहिला, पण पातेल्यांच्या हिरड्या म्हणे घट्ट झाल्या. (हे तिचंच वाक्य. रागातही तिला विनोद सुचतो, हा गुण तुमच्याकडून आलेला दिसतो.)

पण खरी फजिती पुढे झाली. टिकण्यासाठी आम्ही कशातच काही घातलेलं नव्हतं. त्यामुळे आधी जॅमला मिसरूड फुटली, मग दाढी आली. शाम्पूवर हिरवट साय धरली. भाकऱ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं आणि लगेच लावलं, तिथे काय दिसलं ते लिहीत नाही. बुरशी घरात येऊ नये म्हणून आम्ही फडताळात तिची शेती चालवली होती. तुमची लेक स्वयंपाकघराच्या जमिनीवर भिंतीला टेकून बसून राहिली. मी समजूत काढायला गेलो, तर म्हणाली, “अरे, यात अवघड काय आहे? टिकवायचं असेल तर काहीतरी घालावं लागतं. घालायचं नसेल तर आजचं आज संपवावं लागतं. तिसरा मार्ग नाही.” तेव्हापासून सगळं वाटीवाटीने होतं आणि त्याच दिवशी संपतं. मी रोज बाजारात जातो. भाजीवालीला वाटतं आमच्याकडे फार खाणारा पाहुणा उतरलाय.

आता सरबताकडे येतो. (हेतू म्हणून नव्हे, ओघात आलं म्हणून.) एवढी झडती झाली, पण तुमच्या बाटलीला कुणी भिंग लावलं नव्हतं, तुमच्या लेकीनेसुद्धा नाही. ती बाटली वरच्या फळीवर घरच्या माणसासारखी बसलेली असायची, आणि घरच्या माणसाचे खिसे कोण तपासतं? आई गेल्यापासून तुम्ही इकडे आला नाहीत. कधी यंत्र बिघडलेलं असतं, कधी हंगाम असतो, कधी गुडघा. कारणं दर वेळी खरीच असतात, तक्रार नाही. पण तुमचा खोका मात्र न चुकता येतो. ट्रकवाल्याने घंटी वाजवली की भिंगरी दाराकडे धावते आणि ओरडते, “आजोबा आले!” (ट्रकवाल्याला सुरुवातीला वाटलं की त्यालाच म्हणते. माणूस चाळिशीचा, जरा दुखावला होता. आता तोही नातीची चौकशी करतो.)

एका दुपारी भिंगरीने स्वतःच भिंग उचललं, तुमची बाटली आणली आणि आईला म्हणाली, यात काय काय आहे ते पण वाच. नाही कसं म्हणणार? वाचलं. साखर, पाणी, संत्र्याचा रस, मग आम्लता नियामक, मग स्थिरक, मग परिरक्षक, मग रंग. मला ते पाठ होतं, तुमच्या कारखान्यात बसून लेबलासाठी मीच जुळवलं होतं. खरं तर तिलाही पाठ असणार, लहानपणी ती कारखान्यात त्याच ॲसिडच्या पांढऱ्या पोत्यांवर बसून अभ्यास करायची. तिने बाटली पुसली, फळीवर परत ठेवली, आणि त्या दिवसापासून भिंगरीला सरबत दिलं नाही.

खोकला आता खूपच कमी आहे. पोर आडवी झोपते, गाढ झोपते. यश कुणाचं यावर मात्र एकमत नाही. प्लंबर म्हणतो नळाचं, डॉक्टरीणबाई म्हणतात औषधाचं, तुमची लेक म्हणते भिंगाचं. मला विचाराल तर नळाचं, पण मला कुणी विचारत नाही, आणि पोर झोपते आहे तोवर यातलं काहीही बदलून बघायची आमची दोघांची छाती नाही. सरबताचे खोके साठत चालले आहेत. परवा नवा आला. भिंगरी नेहमीसारखी ओरडत धावली, खोका उघडला, आणि मग आम्ही तिघंही त्याच्याभोवती नुसतेच उभे राहिलो. हे तुम्हाला कळवावं की नाही यावर आमचं बराच वेळ चाललं. मी म्हटलं, तू लिही, तुझे वडील आहेत. ती म्हणाली, तू लिही, तुझं गिऱ्हाईक आहे. म्हणून मी लिहितो आहे.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जपावं. पत्रात कमीजास्त झालं असल्यास पदरात घ्यावं.

आपला दहावा ग्रह,
जावई

ता. क. १: कृपा करून यापुढे सरबताचा खोका पाठवू नये. सरबतात खोट नाही. साठलेल्या बाटल्या मी छापखान्यात नेतो, तिथे सगळे आवडीने पितात आणि कुणालाही खोकला नाही.

ता. क. २: वरचा ता. क. मी आधी फार बारीक अक्षरांत लिहिला होता. सवयीने. तुमच्या लेकीने तो फाडून मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहायला लावला. त्यामुळे तो जास्त कठोर दिसत असेल तर दोष अक्षराचा मानावा.

ता. क. ३: बाबा, पेन मी घेतलंय. यांना मुद्द्यावर यायला नेहमी असाच उशीर लागतो. रागावू नका. खोका नको, पण तुमच्या हातचं सरबत भिंगरीला हवंय. नुसती संत्री पिळा, चमचाभर साखर, बास. दुसरं काही घालू नका. संत्री इथेही मिळतात आणि मला पिळताही येतात, ते मला सांगू नका. असलं सरबत ट्रकने यायचं नाही, वाटेतच आंबेल. कुणीतरी हातात धरूनच आणावं लागेल, आणि कारखान्यातल्या माणसाबरोबर पाठवलंत तर मी दार उघडणार नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने निघालात तर जेवायच्या आत इथे पोचता. रस तेवढा टिकतो. तुम्हीच शिकवलंय.