अनामिकेचं माप

ता. ४ नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, आणि पाठोपाठ एक हुकूम.

फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो, म्हणून लिहिते. गर्भ टिकावा म्हणून डॉक्टरांनी तुला हार्मोनची इंजेक्शनं दिलीत ना, ती बंद कर. भिंगरीच्या वेळी मी तीच घेतली होती. आज सतरा वर्षांची पोर दिवसभर गेम खेळते. कॉलेज बुडालं, ताट तसंच परत येतं. पोटात असताना काही हार्मोन जास्त मिळालं तर अनामिका तर्जनीहून लांब होते आणि अशा मुलांना गेमचं व्यसन लागू शकतं, असा लेख वाचला. कारखान्यात हातमोजे शिवते तसे तिलाही शिवले होते, त्यासाठी कापलेला तिच्या पंजाच्या मापाचा कागद कपाटात होता. पट्टी लावली. अनामिका चांगली तीन मिलिमीटर जास्त निघाली.

लोभ आहेच, तो वाढवायचा तर एकदा तरी माझं ऐक.

तुझी ताई

ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार. वाकायला मनाई आहे, म्हणून कागदावरच.

तुझं ऐकून दोन इंजेक्शनं चुकवली. ह्यांना सांगितलेलं नाही. आज सकाळी डाग दिसला. आधीची दोन्ही गेली तेव्हाही असंच सुरू झालं होतं. ताई, मला फार भीती वाटते. घेतली तर बाळाचं वाटोळं, नाही घेतली तर बाळच नाही. लहानपणापासून माझी मापं तूच घेतलीस. या वेळी चुकत तर नाहीस ना?

लोभ राहू दे, मी काहीही ठरवलं तरी.

तुझीच धाकटी

ता. ११ नोव्हेंबर

ती. मावशीस नमस्कार.

सकाळी फोनवर आधी इंजेक्शन घ्यायला जा, एवढंच बोलून ठेवून दिला. कारण आता लिहिते. आई कारखान्यात होती, म्हणून तुझं पत्र मी फोडलं. मग तिचं कपाट उघडलं; माझ्या हातमोज्यांच्या कागदाला बोटांच्या लांबीवरचा तो लेख टाचलेला होता. माझ्या कागदाखाली तुझ्या हातमोज्यांचाही कागद होता. तुझी अनामिकाही तर्जनीहून तेवढीच लांब आहे. आजीने तर कुठलीच इंजेक्शनं घेतली नव्हती, आणि तुला साधे पत्ते पिसता येत नाहीत. तो लेखही वाचला. त्यात ‘शक्यता’ हा शब्द सात वेळा आहे, तुझ्या इंजेक्शनाचं नाव एकदाही नाही.

मी का खेळते, हे आईने कधी विचारलं नाही. बाबा गेल्यावर घरात कुणी बोलेना. गेममध्ये चार जण माझी वाट बघायचे. आता सुटत नाही, हे खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटते. संध्याकाळी हे सगळं तिला सांगितलं. तिने शिवण बाजूला ठेवली आणि माझा हात हातात घेतला, पट्टी न घेता.

तू इंजेक्शन घेतलंस आणि बाळाचे ठोके ऐकू येताहेत, असं काकांनी दुपारी कळवलं. पुढचं चुकवू नकोस. त्या इंजेक्शनांमुळे मी खेळते की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्यामुळे मी आहे, हे आईला ठाऊक आहे. तेवढं लिहायचं ती विसरली.

लोभ असू दे, बाळाचाही.

तुझी भिंगरी