कच्चे कवेलू

कुरखेडा,
ता. ११ एप्रिल १९५४

चि. सौ. इंदूस,

रामाजीचे आशीर्वाद. इकडे सारे ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे तेवढे कुरकुरतात. मोहफुले यंदा कमीच उतरली. तुमच्याकडे चंदाच्या लग्नाची घाई असेल.

मागल्या साली आमच्या जनपद सभेने जंगलातल्या शाळेच्या छपरासाठी सगळ्यांत स्वस्त कवेलू घेतले. ते खरे किती महाग पडले ते ऐक. चौथाई गाडीतच फुटले. उरलेले पाणी पिऊन छपरावरच सुटले. मग दुसरे कवेलू, दुसरे गाडीभाडे, आणि सारा पावसाळा पोरे पाटलाच्या गोठ्यात बाराखडी गिरवीत. तिथला पोचू गोंड मला म्हणाला, "भाऊ, आमच्या घरावर गवत हाये तं पोट्टे कोरडे. तुमच्या शाळेवर कवेलू हाये तं ओले." मी हसलो, पण झोंबले.

सभेत मी हात वर केला की मागून दहा हात येतात, हे तू ऐकूनच आहेस. म्हणून यंदाच्या शाळेच्या कवेलूंची खरेदी माझ्याकडे दिली. गाडीवान होतो तेव्हा वर्षानुवर्षे कवेलूच वाहिले. टिचकी मारली की कोणता भाजलेला आणि कोणता कच्चा, ते माझ्या कानाला कळते.

तुम्ही लग्न काढले आणि त्याच महिन्यात भैयाजींनी भाव भरला. सगळ्यांत कमी. इंदू, तुझ्या नवऱ्याची भट्टी मी ओळखतो. त्या भावात जळणसुद्धा निघत नाही. पैशाची निकड, म्हणून माल पुरता भाजण्याआधीच घाईने उघडली असेल.

गाड्या कचेरीपुढे लागल्या. मी एक कवेलू उचलून वाजवला. ठण्ण व्हायला हवे, ते थप झाले. दुसराही तसाच.

भैयाजी म्हणाले, "वाजवून काऊन पाहता जी? मडके घ्याले आले का?"

मी बोलून गेलो, "मडके फुटले तं घरातले पाणी जाते, भैयाजी. हे फुटले तं शाळेत पाणी येते."

गाडीवाले खदखदून हसले. ते हसणे मला परत घेता येत नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या गाडीपाशी गेलो. म्हटले, माल परत न्या, नीट भाजून आणा, गाडीभाडे मी देतो. ते म्हणाले, "उपकार नोका करू. तुम्ही तं मांडवातही याल आन् नवरदेवाले वाजवून पाहाल."

मी ठराव मांडला, की भाव गाडीतल्या मालाचा नको, छपरावर चढलेल्या अख्ख्या मालाचा धरा. फुटीचा तोटा विकणाऱ्याच्या अंगावर. सभापती गुणवंतराव डोळे मिटून म्हणाले, "रामाजी, ऑडिटवाले भाव पाहतात. त्याईले आवाज नाई ऐकू येत." सभेचे असो.

शेजारच्या नीलाबाईकडे तुमची पत्रिका आली. पोस्टमन त्यांच्या ओसरीवर वाचत होता, मी इथे बसून ऐकली. आमच्या घरापुढून तो सायकलवर तसाच गेला. वहिनीने तुझ्यासाठी लुगडे आणून ठेवले आहे.

चंदाला बोहल्यावर मामाने न्यायचे असते. दुसऱ्या कोणाला उभे करायचे ठरले असेल तर तसे दोन ओळी कळव. मी येऊन मांडवात कोणाला अवघड करणार नाही. पण तू बोलावलेस, तर भैयाजी बोलोत न बोलोत, मी येईन. कवेलूंबद्दल विचारशील तर तेच सांगेन. ते कच्चे आहेत.

तुझा भाऊ, आणि तू म्हणशील तर चंदाचा मामा,
रामाजी

ता. क. भैयाजींना सांग, बिलाची काळजी नको. काल मते घेतली. ठरावाच्या बाजूने हात एकच होता, माझा. त्यांच्या गाड्या आज सकाळी शाळेकडे निघाल्या.