पदकं माझ्या शवपेटीवर ठेवू नयेत

मी, अल्बर्ट थ्रॉसेल, वय सहासष्ट, लष्कराच्या पगार कचेरीतला निवृत्त कारकून, राहणार वुलिच, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. छातीत पाणी झालं आहे, डोकं मात्र ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट, हे लिहायला मी तेरा वर्षं उशीर केला.

राहतं घर, टपालातली शिल्लक आणि भिंतीवरचं घड्याळ पत्नी हेस्टर हिला द्यावं. घड्याळ मागे पडतं, ते तिला ठाऊक आहे. शेजारच्या गॅमन यांनी उसनी नेलेली शिडी त्यांनाच लखलाभ असो. मागून मागून थकलो.

आता पदकं. पहिलं बोअर युद्धाचं. तिथे मी बंदूक चालवली नाही, केपटाउनला टेबलाशी बसलो होतो. दुसरं अठरा वर्षांच्या सद्वर्तनाचं. बराकीत पोरं म्हणायची, "अठरा वर्षं गुन्हे केले आणि सापडला नाही, म्हणून हे मिळतं." मीही हसायचो. तिसरं, कामात एकही चूक नाही म्हणून, १९१७ सालचं. रिवाज असला तरी ही तिन्ही माझ्या शवपेटीवर ठेवू नयेत. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक जॉर्ज स्पर्लिंग यांनी ती नदीत टाकावीत.

कारण सांगतो. १९१५ साली मी आमच्या एकुलत्या मुलाला, लेनर्डला, म्हणालो, "अंगावर गणवेश चढल्याशिवाय या घरात तोंड दाखवू नकोस." तो गेला. कॅनडाला गेला असेल, असं मी हेस्टरला सांगितलं. पुढच्या वर्षी मेलेल्या शिपायांची पगारपुस्तकं माझ्या टेबलावर आली. प्रत्येकात मृत्युपत्रासाठी एक पान असतं. शिपाई जॉन मार्श याच्या पुस्तकातलं ते पान लेनर्डच्या अक्षरात होतं. माझं आडनाव नको, म्हणून सगळं नावच दुसरं घेतलं होतं त्याने. पानावर एवढंच: "माझं जे काही आहे ते आईला."

मी शेरा मारला, वारस सापडत नाही. पुस्तक खिशात घातलं आणि घरी येऊन जेवलो. रविवारी सांगू म्हटलं, मग नाताळ झाल्यावर. हेस्टर मागच्या दाराला अजून कडी लावत नाही.

दर अकरा नोव्हेंबरला, महायुद्ध थांबल्याच्या दिवशी, ती माझी पदकं घासूनपुसून माझ्या छातीवर लावते. स्मारकापाशी युद्धात गेलेल्या मुलांची पदकं छातीच्या उजवीकडे लावून आया उभ्या असतात. गेल्या खेपेला ती हळूच म्हणाली, "बिचाऱ्या. आपला लेन रागावून का होईना, कुठेतरी जेवत तरी असेल."

आज सूप घेऊन आली तेव्हा म्हणाली, "अहो, लेनचं नाव घातलंत ना? आला की म्हणेल, बाप विसरला." मी मान हलवली.

तेव्हा त्याचं नाव घातलं आहे. लेनर्डचं पगारपुस्तक माझ्या पेटीच्या तळाशी आहे, ते त्याच्या आईला द्यावं. ते दाखवल्यावर जॉन मार्शची दोन पदकं तिला मिळतील. ती तिने उजवीकडे लावावीत. हे वाचून दाखवण्याआधी स्पर्लिंग यांनी तिला खुर्चीत बसवावं. मी क्षमा मागत नाही. ती देण्याचं ओझं तिच्यावर नको.

साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली आहे, मजकूर वाचलेला नाही. हेस्टर त्यांच्यासाठी चहा टाकते आहे.

सही: अल्बर्ट थ्रॉसेल

साक्षीदार: जॉर्ज स्पर्लिंग, चांभार, विनिफ्रेड टाय, परिचारिका

वुलिच, ४ नोव्हेंबर १९२९