बांधापलीकडचं वायफाय

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
लेकीचा, समृद्धीचा फोन. पुढच्या शनिवारी पुण्यात तिचा नर्सिंगचा शपथविधी. आईबापासाठी दोन पास. बायकोनं, सखूबाईनं, बहिरूची जीप ठरवूनही टाकली. बहिरू माझा चुलतभाऊ, घराला घर लागून. शेताच्या बांधावरून आमचं बोलणं बंद. मी त्याच्या जीपमध्ये? छे! पोरीला म्हणालो, मी इथं मढ गावातच बसून टॅबलेटवर लाईव्ह बघतो. ती म्हणाली, दादा, तुमी समोर पायजे. म्हणालो, स्क्रीनवर जास्त जवळून दिसतं. टॅब तिनंच दिवाळीला दिलाय, सगळी ॲपं घालून. फक्त इंटरनेट जोडायचं राहिलंय. पाच मिनिटांचं काम.

१५ नोव्हेंबर
टॅबच्या बाजूला एक फट आहे. मोबाईलचं सिम काढून आत सरकवलं. गेलं. आता बाहेर येईना. टॅबला इंटरनेट नाही, मोबाईलही मुका. सुरुवात म्हणून वाईट नाही.

१७ नोव्हेंबर
जुन्नर. मोबाईल दुरुस्तीवाल्या अमजदनं चिमट्यानं सिम काढलं. म्हणाला, भगवंतभाऊ, ही फट मेमरी कार्डाची. ह्याला सिम बसतच नाय. वायफाय पायजे, नायतर मोबाईलचा हॉटस्पॉट. मला माहीत होतंच. त्याला येतं का ते बघत होतो.

१८ नोव्हेंबर
हॉटस्पॉट चालू केला. टॅब जोडला गेला! पण घरात मोबाईललाच बोलण्यापुरती रेंज, इंटरनेट येत नाही. टॅबवर मात्र 'बहिरू जीप सर्व्हिस' नावाचं वायफाय, काड्या फुल्ल. सखूबाई म्हणाली, अवो, पासवर्ड इचारा की त्याला. म्हणालो, ज्याच्या घरचं पाणी पीत नाही त्याचं वायफाय घेऊ? ती म्हणाली, लई ताठा बरा न्हाई. तो देणारच नाही, मी ओळखतो त्याला. विषय संपला.

२० नोव्हेंबर
देवळामागच्या खडकावर रेंज सापडली. जागा चुन्यानं आखून ठेवली. आता चिंता नाही.

२२ नोव्हेंबर, पहाट
सखूबाई जीपमधून गेली. जाताना म्हणाली, चला की, पोरीचं मन मोडू नगा. मी टॅब दाखवला. माझा पास बहिरूला दिलाय म्हणे. जाऊ दे, ड्रायव्हरनं तरी बाहेर उन्हात का थांबावं.

दुपारी चार. खडक.
आलं! पांढऱ्या कपड्यातल्या पोरींची रांग, हातात दिवे. आपली कुठली? तेवढ्यात चाक गोल फिरायला लागलं. डेटा संपला. सकाळपासून प्रॅक्टिस म्हणून कुस्त्या बघितल्या होत्या.

संध्याकाळ
घरात कुणी नाही. आळीत कुणी बघत नव्हतं, म्हणून बहिरूच्या वायफायवर बोट ठेवलं. टॅबनं पासवर्ड मागितलाच नाही. बहिरूनं कधी घातलाच नव्हता. लगेच फोटो आला. समृद्धी, डोक्यावर पांढरी टोपी. एका बाजूला आई. दुसऱ्या बाजूला, माझ्या जागी, बहिरू. डोळे पुसतोय.

लई वाईट वाटलं.

खाली पोरीनं लिहिलंय, दादा, दिसलं ना सगळं?

कळवलं, एकदम क्लिअर.