अर्धी सुई

२० नोव्हेंबर २०२३, सोमवार

आता गाठ! दोन वर्षं आम्ही यांचं रक्त किती पातळ झालं तेच मोजून राहिलो. जरा खरचटलं तर थांबायचं नाही म्हणून दाढीचं पातं घरातून काढलं, नेलकटर लपवलं. आणि आज सोनोग्राफीवाला म्हणतो, लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या नसेत रक्ताची गाठ आहे.

क्षमा मॅडम, यांच्या डॉक्टर, शांतपणे सांगत होत्या. "रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं, आणि गोठू न देणारेही तेच बनवतं. यांचं लिव्हर निकामी होत चाललंय, म्हणून दोन्ही कमी झालेत. तुमच्या रिपोर्टातला आकडा एकच बाजू दाखवतो." म्हणून रोज पोटात एक सुई, रक्त पातळ करणारी. नस मोकळी राहिली तर माझ्या लिव्हरचा तुकडा यांना बसवता येईल. बंद झाली तर नाही.

पातळ रक्त आणखी पातळ करायचं! मी मान हलवली. डोक्यात काही शिरलं नाही.

२१ नोव्हेंबर

सिस्टरनं शिकवलं. बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायची. सुई औषध भरूनच येते.

हे म्हणाले, "घाबरून काहून राहिली? मंत्रालयात फायलीले टाचणी मारते तशी मार." स्वतःच हसले. मले हसू आलं नाही.

२४ नोव्हेंबर

पोटावर काळानिळा डाग – हातभर नाही, रुपयाएवढा. पण मले फेब्रुवारीच आठवला. सकाळची वेळ, हे दात घासत होते, आणि उलटी – तसराळंभर रक्त! मी दोन्ही हातांनी यांचं डोकं धरून उभी. ओजस, आमचा पोट्टा, अॅम्ब्युलन्सवाल्याले रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातली आमची गल्ली समजावून रडकुंडीला आला होता.

दवाखान्यात पहिला प्रश्न – "पीते थे क्या?" सिलतऱ्याच्या कारखान्यात वीस वर्षं स्टोअर सांभाळलं या माणसानं, थेंबाला शिवला नाही. मेल्यांनो, आधी रक्त तर थांबवा!

मॅडम म्हणतात, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसा बांधल्या आहेत, आता भीती नाही. म्हणायला काय जातं. ते रक्त मी पाहिलं, त्यांनी नाही.

२६ नोव्हेंबर

आज अर्धी सुई बेसिनमधे सोडली. अर्धीच दिली.

देवा, बरोबर करून राहिली ना मी?

३ डिसेंबर

माझं वजन दोन किलो उतरलं. माझ्या लिव्हरवरची चरबी कमी झाल्याशिवाय मले टेबलावर घेणार नाहीत. मंत्रालयात डबा खाल्ला की नव्या रायपुरातल्या त्या रिकाम्या रस्त्यांवर भर उन्हात चालत सुटते. गोड बंद, तेल बंद. भूक लागली की चिडचिड होते, तीही ओजसवर निघते.

नागपूरहून अभिनवचा फोन. धाकटा भाऊ, पण आव मोठ्याचा! "ताई, तू काहून पोट फाडून घेते? पोट्ट्याचा विचार कर." फोन स्पीकरवर, हे शेजारच्या खोलीत! फोन घेऊन जिना उतरली आणि खाली गल्लीत उभी राहून त्याची अशी खरडपट्टी काढली – "देणार म्हणजे देणार! पुन्हा बोललास तर तुझं तोंड पाहणार नाही."

वर आली तर हे डोळे मिटून पडलेले. त्या विषयावर ते बोलले नाहीत, मीही नाही.

११ डिसेंबर

रोज अर्धी. डाग नाही, उलटी नाही.

१९ डिसेंबर

मॅडमना फोन लावला. सांगून टाकू म्हटलं. त्यांनी उचलायच्या आत कापला. काय सांगू? तुमच्यापेक्षा मले जास्त कळतं म्हणून?

८ जानेवारी

नस पूर्ण बंद. गाठ खाली आतड्याच्या नसांपर्यंत पसरली. सर्जननं स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं – नवं लिव्हर जोडायला जागाच उरली नाही. ऑपरेशन होणार नाही.

"इंजेक्शन पूरा दिया था न?"

मी स्क्रीनकडे तोंड फिरवलं. हेच म्हणाले, "सर, इसने एक दिन भी नहीं छोड़ा." आणि माझा हात धरला.

माझ्याच हातानं झालं हे. माझ्याच! सहा किलो उतरवलं, ते कशाले? ओजस दोनदा येऊन गेला – "मम्मी, डॉक्टर ने क्या बोला?" काय सांगू त्याले, तुझ्या बापाले मी मारलं म्हणून? रडूही येऊन नाही राहिलं.

९ जानेवारी

सांगितलं यांना. बेसिन, अर्धी सुई, फेब्रुवारीच्या रक्ताची भीती – सगळं.

हे म्हणाले, "मले पहिल्या दिवसापासून दिसत होतं. वाटलं, तुले लिव्हर द्यायचं नाही अन् तोंडानं सांगता येत नाही. म्हणून गप्प राहिलो."